वीज कशातून जाते, कशातून जात नाही

ज्या विहिरीवर पूर्वी मोट चालायची, तिथे आता विजेची मोटार बसली आहे. बटण दाबले की पाणी येते. वीज तारेतून येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण कशाला, हे कधी मनात आले आहे का?

काही पदार्थांतून वीज सहज वाहते. त्यांना सुवाहक म्हणतात. काहींतून ती वाहत नाही, निदान सहज वाहत नाही. त्यांना दुर्वाहक म्हणतात. शाळेतली मुले ही नावे पाठ करतात. आपण नावांपेक्षा जिनसा ओळखू या.

टॉर्चचा एक सेल, त्याला चालेल असा बारीक दिवा आणि थोडी तार घ्या. दिवा लागेल अशी तार जोडा. मग तार मध्येच तोडून दोन टोके मोकळी करा. दिवा विझेल. आता त्या टोकांमध्ये लोखंडी किल्ली धरा. दिवा लागला! तांब्याचा तुकडा धरा, रुपयाचे नाणे धरा, लागतो. लाकडी काडी, काचेची बांगडी, रबरी चप्पल, सुतळी धरा. लागत नाही. (हा प्रयोग टॉर्चच्या सेलवरच करायचा. घरातल्या विजेवर कधीही नाही.)

इथे पुष्कळांची फसगत होते. त्या टोकांत आपले बोट धरले, तरी दिवा लागत नाही. मग माणूस दुर्वाहक झाला काय? मुळीच नाही. सेलचा जोर दीड व्होल्ट. घरातल्या विजेचा जोर 230 व्होल्ट. दीड व्होल्टला जे जमत नाही, ते 230 व्होल्टला सहज जमते.

ही गोष्ट जुनीच आहे. 1729 साली इंग्लंडात स्टीफन ग्रे नावाचा एक माणूस होता. धंद्याने रंगारी. काचेची नळी घासली की तिच्यात वीज येते आणि ती हलकी पिसे ओढते, हे त्याला माहीत होते. ती वीज त्याने लांबच लांब सुतळीतून पलीकडे नेली. होय, आपण मघाशी धरली तसल्या सुतळीतून! सुतळी टांगायला त्याने रेशमाचे धागे वापरले होते. ते वजनाने तुटले, म्हणून त्या जागी पितळेची बारीक तार लावली. झाले! वीज मध्येच त्या तारेतून निघून गेली, पलीकडे पोचेना. धागा बारीक की जाड याला महत्त्व नाही, तो कशाचा आहे याला आहे, हे तेव्हा कळले.

आपल्या खांबांवर रेशमाचे काम चिनी माती करते. उघडी तार त्या चिनी मातीच्या तुकड्यांवर टेकलेली असते, म्हणून वीज खांबात उतरत नाही. तार बहुधा ॲल्युमिनियमची. तांबे वीज अधिक चांगली नेते, पण ते महाग आणि तिपटीहून जड.

आता पाण्याचे बघा. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही. पण विहिरीच्या पाण्यात क्षार असतात आणि घामात मीठ असते. म्हणून कोरड्या कातडीपेक्षा ओल्या कातडीतून वीज कितीतरी जास्त जाते. ओल्या हातांनी, अनवाणी, चिखलात उभे राहून मोटारीचे बटण दाबणारा माणूस विजेला जमिनीत जायला वाटच करून देतो. सुके लाकूड दुर्वाहक खरे, पण तेच भिजले की त्याचा भरवसा नाही.

घरात कोणी विजेला चिकटला, तर त्याला हात लावू नका, बाई असो की पोर. आपणही चिकटू. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर करा. मात्र शिवारातून जाणारी 11,000 व्होल्टची तार तुटून पडली, तर काठीचा उपयोग नाही. तिच्या आसपासही फिरकू नका, गुरे दूर हाका आणि वायरमनला निरोप द्या.

आणि एक. कपडे वाळत घालायला बरेच जण लोखंडी तार बांधतात, एक टोक पत्र्याच्या छपराला, दुसरे विजेच्या खांबाला. घरातली एखादी वायर सोलली आणि पत्र्याला लागली, की ती सगळी तार विजेची होते. वर ओले लुगडे टाकायला बाई हात लावते. आज घरी गेल्यावर ती तार सोडा आणि तिथे नायलॉनची दोरी बांधा, खांब सोडून.