उठा, चाला आणि परत बसा

दर रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर आई-बाबांशी बोलतो. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पण त्यांची चाल काही दिसत नाही. माझे बाबा गेल्या उन्हाळ्यात इथे अमेरिकेत आले, तेव्हा खुर्चीतून उठताना टेबलाला धरत होते. विचारलं तर म्हणाले, "अरे, वय झालं आता." दोन दिवसांनी आईने हळूच सांगितलं, पुण्यात ते बाथरूममध्ये दोनदा पडले होते. आम्हाला काळजी नको म्हणून बोलले नव्हते.

मी आयटीतला माणूस, डॉक्टर नाही. पण डॉक्टरांनी केलेली तपासणी इतकी सोपी होती, की तुम्हाला सांगावीशी वाटली. तिचं नाव 'टाइम्ड अप अँड गो'. १९९१पासून ती वापरात आहे.

हात असलेली खुर्ची घ्या. तिच्यापासून ३ मीटरवर, म्हणजे साधारण १० फुटांवर, जमिनीवर चिकटपट्टी लावा. पायात रोजचीच पादत्राणं, काठी वापरत असतील तर तीही हातात. "सुरू" म्हटलं की उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. बसेपर्यंतची वेळ मोजा. अमेरिकेच्या सीडीसीच्या मते १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजावं. बाबांना १५ लागले.

नुसते सेकंद मोजू नका. पावलं छोटी पडतात का? भिंतीला हात लागतो का? वळताना तोल जातो का? तेही पाहा.

तोलासाठी आणखी एक चाचणी आहे. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवून, सरळ रेषेत उभं राहायचं. १० सेकंद जमलं नाही, तर तोही इशाराच. दोन्ही वेळी कोणीतरी अगदी शेजारी उभं हवंच.

आकडा म्हणजे निदान नव्हे. कारण रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांत असू शकतं, नजरेत असू शकतं किंवा पायांच्या अशक्तपणात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची यादी न्या, आयुर्वेदिकसुद्धा. बाबांची एक गोळी बदलली, फिजिओथेरपी सुरू झाली आणि बाथरूममध्ये आधाराची दांडी बसली.

आणि मंडळी, "कसे आहात?" याचं उत्तर नेहमी "मजेत" असंच येतं. पुढच्या रविवारी विचारा, "गेल्या वर्षभरात कधी पडलात का?"