शंभर किलोवॅटमधला आवाज किती?

इथे भिंगारला रेडिओवर 792 किलोहर्ट्झ लावलं की आकाशवाणी पुणे. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, ट्रान्समीटर 100 किलोवॅटचा. या शंभर किलोवॅटमध्ये निवेदकाचा आवाज किती? शून्य. हा आकडा नुसत्या वाहक लहरीचा, म्हणजे कॅरिअरचा. निवेदक गप्प बसला तरी ती जातच असते.

आवाज असतो कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या साइडबँडमध्ये, आणि त्याची शक्ती वेगळी घालावी लागते. एकसुरी शिट्टी 100 टक्के मॉड्युलेशननं पाठवली तर 50 किलोवॅट. म्हणजे एकूण दीडशेतला तिसरा हिस्सा. मॉड्युलेशन 30 टक्क्यांवर आलं की फक्त साडेचार! कारण हिशोब वर्गाचा आहे.

मग कॅरिअर काढूनच टाकू? सिंगल साइडबँडमध्ये तेच करतात. पण मग प्रत्येक रेडिओत कॅरिअर पुन्हा तयार करावी लागते. कॅरिअर सोबत असली की आवाज वेगळा काढायला एक साधा डायोड पुरतो. एका ठिकाणी वीज जास्त जाते, म्हणून लाखो घरांतला रेडिओ स्वस्त राहतो. आमच्या मते सौदा वाईट नव्हता.

वाचवायचं ते ट्रान्समीटरच्या आत. आधी लहान पातळीवर मॉड्युलेशन करून नंतर क्लास बी लिनिअर अॅम्प्लिफायरनं वाढवलं, तर कॅरिअरच्या पातळीला कार्यक्षमता साधारण 33 टक्के. शंभर किलोवॅटसाठी तीनशे ओढायचे, दोनशेची नुसती उष्णता! प्लेट मॉड्युलेशनमध्ये शेवटची क्लास सी व्हॉल्व्ह 75-80 टक्क्यांवर चालते. पण आवाजाचे ते 50 किलोवॅट पुरवायला भलामोठा ऑडिओ अॅम्प्लिफायर आणि ट्रान्सफॉर्मर लागतो. 1936 मध्ये बेल लॅबच्या विल्यम डोहर्टी यांनी दोन व्हॉल्व्हमध्ये काम वाटलं: एक कायम, दुसरी फक्त शिखराला. हीच युक्ती आज मोबाइल टॉवरमध्ये आहे. पुढे पल्स-विड्थ आणि सॉलिड-स्टेट पद्धतीत ट्रान्झिस्टर फक्त चालू-बंद होतात, अर्धवट उघडे राहत नाहीत. 85 टक्क्यांच्या वर जाता येतं. तीनशेऐवजी सुमारे 115 किलोवॅट. रोज 18 तास धरा, तीन हजारांवर युनिट वाचतात.

आवाज हळू असताना कॅरिअरच कमी करायची, असाही उपाय आहे. पण कॅरिअर घटली की रेडिओ आपोआप स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. पुण्यात ते कळणार नाही. भिंगारला दोन वाक्यांमधल्या विरामात खरखर वर येईल.