मगरीसारखा, पण मगर नव्हे



दांडेलीला काळी नदीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. जवळजवळ तशाच रूपाचा एक प्राणी सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात राहत होता. त्याचे नाव पॅरासुकस हिस्लोपी. पॅरासुकस म्हणजे 'मगरीजवळचा'.

त्याचे अवशेष गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, तेलंगणातील मालेरी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या मातीच्या खडकांत सापडले. लांबी सुमारे अडीच मीटर, जबडा सुसरीसारखा लांब आणि अंगावर हाडांचे कवच. त्या काळी डायनासोर नुकतेच उदयाला येत होते. नदीकाठी दरारा होता तो याचाच. दोन सांगाड्यांच्या पोटात तर मालेरीसॉरस या सरड्यासारख्या प्राण्याची हाडे मिळाली!

मग ही मगरच का नव्हे? नाकपुड्या पाहा. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या मात्र डोळ्यांजवळ, कपाळाच्या बाजूला होत्या. दोघांनाही पाण्यात दडून श्वास घ्यायचा होता. उपाय मात्र वेगवेगळे निघाले. राहणी सारखी असली की रूपही सारखे होते. म्हणून केवळ रूपावरून नाते ठरवू नये. मगरींशी याचे नाते नेमके किती जवळचे, यावर आजही शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी याचा वंश संपला. मगरींचा वंश टिकला.

नावातील 'हिस्लोपी' म्हणजे नागपूरचे मिशनरी शिक्षक स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३). मराठी शिकून त्यांनी नागपुरात शाळा चालवली आणि सवड मिळेल तेव्हा खडक व जीवाश्म तपासले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळ प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा मृत्यू झाला. पुढे १८८५ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी या प्राण्याला त्यांचे नाव दिले.

आपल्या नंदगड परिसरात असा प्राणी सापडेल का? कठीण आहे. खानापूर तालुक्यातील जुने धारवाडी खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे. तेव्हा हाडांचे प्राणीच नव्हते. दख्खनचा काळा पाषाण तर लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे पॅरासुकसचा काळ या दोन्हींच्या मध्ये पडतो. पण पायाखालच्या दगडाचे वय विचारणे, हीच विज्ञानाची पहिली पायरी आहे.

पालकांना विनंती की मुलांनी खिशात दगड भरून आणले तर रागावू नका. कुठे मिळाला, कधी मिळाला, एवढे मात्र वहीत लिहून ठेवायला सांगा. ठिकाणाची नोंद नसेल तर दगडाचे अर्धे मोल जाते.