पोट भरलं, मन वड्यावर

दुपारी दोन पोळ्या, भाजी, आमटी-भात असं व्यवस्थित जेवण झालेलं असतं. वजन उतरवायचं म्हणून भात मोजूनमापून घेतलेला, पण उपाशी काही राहिलेलो नसतो. तरी साडेपाचला रस्त्याने जाताना गाडीवरच्या कढईत नवा घाणा पडतो, तेल चर्र करतं आणि तोंडाला पाणी सुटतं. ही भूक नव्हे. कडकडून भूक लागली की कालची भाकरी आणि ठेचाही गोड लागतो. आत्ता मात्र कुणी भाकरी पुढे केली तर आपण नाक मुरडू. हवा असतो तो वडाच, तोही गरम, लसणाची सुकी चटणी लावून पावात दाबलेला. अशी तल्लफ आली की आपण स्वतःला हावरट म्हणतो, जिभेला दोष देतो, मनाच्या दुबळेपणावर व्याख्यान झोडतो. वास्तविक त्या क्षणी डोक्यात जे चाललेलं असतं ते इतकं नवलाचं आहे, की शिव्या देण्याआधी एकदा नीट बघून घ्यावं.

इव्हान पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना अन्न आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी लाळ सुटायची. आपल्यात आणि त्यांच्यात या बाबतीत फारसा फरक नाही. वड्याचा वास नाकात शिरताच लाळ सुटते, जठररस पाझरू लागतो, स्वादुपिंड थोडं इन्सुलिनसुद्धा आगाऊ सोडतं. घास अजून कढईत आहे आणि इकडे पाहुणा दारात येण्याआधीच पानं मांडून व्हावीत तशी शरीराची तयारी झालेली असते.

शरीराला वेळेचंही भान असतं. जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी १९९९ साली जठरातून निघणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. नेहमीच्या जेवणाची वेळ जवळ आली की रक्तातलं घ्रेलिन वाढतं, जेवलो की उतरतं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे त्या वेळी काहीच खाल्लं नाही, तरीही ते काही वेळाने आपोआप खाली येतं. उपवास करणाऱ्यांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे: दुपारी एकला पोटात कावळे कोकलतात, तीनपर्यंत त्यांचा नाद सुटतो. (कडक उपवासाबद्दल बोलतोय, साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि वर बटाट्याचा कीस अशा उपवासात कावळ्यांना तक्रारीला जागाच उरत नाही.)

पण घ्रेलिनने सर्वसाधारण भूक वाढते. वडाच का हवा, याचं उत्तर त्यात नाही. यावर घरोघरी एक तयार उत्तर असतं, की शरीराला जे कमी पडतं तेच ते मागून घेतं. चॉकलेट खावंसं वाटलं म्हणजे मॅग्नेशियम कमी, चिंच खावीशी वाटली म्हणजे आणखी काहीतरी कमी. ऐकायला फार सोयीचं आहे हे. १९९४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विला मिशेनर आणि पॉल रोझिन यांनी ते तपासून पाहिलं, आणि ज्या साधेपणाने तपासलं त्याला दाद द्यावीशी वाटते. चॉकलेटची तल्लफ येणाऱ्या लोकांना त्यांनी बंद डबे दिले आणि तल्लफ आली की एक उघडायचा असं सांगितलं. एका डब्यात नेहमीचं चॉकलेट, एकात पांढरं चॉकलेट, एकात कोकोच्या कॅप्सूल. आता पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं लोणी, साखर, दूध सगळं असतं, पण कोकोची भुकटी नसते. उलट कॅप्सूलमध्ये कोकोतली सगळी रसायनं असतात, चव आणि जिभेवर विरघळणं मात्र नसतं. शरीराला खरोखर रसायनच हवं असतं तर कॅप्सूल गिळून काम भागायला हवं होतं. ते भागलं नाही. कॅप्सूलने तल्लफ जागची हलली नाही, पांढऱ्या चॉकलेटने थोडी शमली, खऱ्या चॉकलेटने पुरती. पांढऱ्या चॉकलेटबरोबर कॅप्सूल दिल्या तरी फरक पडला नाही. लोकांना हवा होता तो खाण्याचा अनुभव.

आणि तो अनुभव तरी खरंच हवा असतो का? इथे गोष्ट आणखी चक्रावून टाकते.

मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज उंदरांच्या चेहऱ्यांचा अभ्यास करत. उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी टाकलं की तो मिटक्या मारतो, कडू टाकलं की तोंड वाकडं करतो. तान्ह्या बाळाला मध चाटवला किंवा औषध पाजलं की जे दिसतं, तेच. काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळपास नष्ट केलं, तेव्हा त्यांनी खाणंच सोडलं. समोर अन्न असूनही ते तसेच उपाशी बसत, नळीने भरवावं लागे. समजूत अशी होती की डोपामिन गेलं म्हणजे आनंद गेला. पण त्यांच्या जिभेवर गोड पाणी टाकलं तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारत! चव तितकीच आवडत होती. ती मिळवण्यासाठी पाऊल उचलावं असं वाटणं तेवढं संपलं होतं. म्हणजे आवडणं आणि हवंसं वाटणं ही मेंदूत वेगवेगळी खाती आहेत.

हे कळल्यावर चिवड्याचा डबा नव्याने बघावा. पहिल्या मुठीत सगळं जाणवतं: पोह्यांचा कुरकुरीतपणा, दाताखाली फुटणारा शेंगदाणा, खोबऱ्याचा तळलेला काप, कढीपत्त्याचं ते खमंग पान. चौथ्या-पाचव्या मुठीला यातलं काही कळत नाही. लक्ष टीव्हीत असतं, चव कधीच विझलेली असते, पण हात डब्यात जातच असतो. आवडणं थांबलेलं आणि हवंसं वाटणं चालूच. एका बशीत घेऊन डबा वर ठेवून देणं या जुन्या घरगुती शिस्तीला म्हणूनच मी मान देतो. पाचव्या मुठीसाठी उठावं लागलं तर बहुतेक वेळा आपण उठत नाही.

तल्लफ शब्दांत कमी आणि चित्रांत जास्त येते. वडा फोडल्यावर निघणारी वाफ, आतलं पिवळं सारण, पावाला लागलेला चटणीचा लाल रंग हे सगळं मनाच्या डोळ्यांना दिसू लागतं, आणि जितकं स्पष्ट दिसतं तितकं हवंसं वाटतं. डेव्हिड कॅव्हना, जॅकी अँड्रेड आणि जॉन मे यांनी २००५ साली ही मांडणी केली. तिच्यातून एक खट्याळ प्रश्न निघतो: मनाच्या डोळ्यांना दुसरंच काम दिलं तर? इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात २०१४ साली काही जणांना तीन मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, म्हणजे वरून पडणारे ठोकळे फिरवून रचायचा तो जुना खेळ. बाकीच्यांना सांगितलं की खेळ लोड होतोय, आणि तो काही लोड झालाच नाही. खेळलेल्यांची तल्लफ जास्त उतरली. पुढे प्रयोगशाळेबाहेर, रोजच्या दिवसात फोनसारख्या यंत्रावर हेच करून पाहिलं, तेव्हा तल्लफेचा जोर सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाला. पाचवा हिस्सा म्हणजे फार नाही हे खरं, पण कित्येकदा गाडीपाशी थांबणं आणि पुढे जाणं यांत तेवढंच अंतर असतं. टेट्रिसच हवं असं नाही. ठिपक्यांची रांगोळी, सुडोकू, कपाट लावणं, ज्यात डोळे आणि मन दोन्ही गुंततात असं काहीही करून पाहायला हरकत नाही. एक्सेटर विद्यापीठातल्या प्रयोगांत पंधरा मिनिटं झपझप चालण्यानेही चॉकलेटची तल्लफ आणि प्रत्यक्ष खाणं कमी झालेलं दिसलं. चालताना वडापावच्या गल्लीतून जाऊ नये, एवढं शहाणपण ज्याचं त्याने बाळगावं.

चित्र पुसण्याऐवजी ते शेवटपर्यंत रंगवलं तर काय होतं, हेही कुणीतरी बघितलंय. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केरी मोरवेज आणि सहकाऱ्यांनी २०१० साली काहींना तीस चॉकलेटच्या गोळ्या एकेक करून खातोय अशी कल्पना करायला सांगितलं, काहींना तीनच गोळ्यांची, आणि काहींना कपडे धुण्याच्या यंत्रात नाणी टाकतोय अशी. मग सगळ्यांपुढे खऱ्या गोळ्या ठेवल्या. मनातल्या मनात तीस खाल्लेल्यांनी सगळ्यांत कमी खाल्ल्या. नुसता घमघमाट आठवत बसलं तर तल्लफ चेकाळते. घास, चावणं, गिळणं, पुन्हा घास असं चिकाटीने कल्पिलं तर मेंदू कंटाळतो. हाच कंटाळा लग्नाच्या पंगतीत उलटा दिसतो. मसालेभाताला दोन्ही हातांनी नको म्हणणारा माणूस जिलबीला हळूच हो म्हणतो, कारण पोट भरलं तरी कंटाळा फक्त तिखटमिठाचा आलेला असतो. बार्बरा रोल्स यांनी १९८१ पासून या गोष्टीचा पिच्छा पुरवला. पाच प्रकारचं मिश्र फरसाण साध्या शेवेपेक्षा जास्त का खाल्लं जातं, तेही यावरून ताडता येतं.

आता वजन कमी करणाऱ्याची खरी अडचण. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शिकायचं होतं. तरुण स्वखुशीने आलेले. काही आठवड्यांत त्यांचं बोलणं, वाचणं, स्वप्नं सगळं अन्नाभोवती फिरू लागलं. कधी चहा न केलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवून कादंबरीसारखी वाचत, ताटल्या चाटून पुसत. आपलं डाएट इतकं कठोर नसतं, पण दिशा तीच. मेलबर्नमध्ये ५० जाड व्यक्तींचं वजन दहा आठवड्यांच्या कडक आहाराने उतरवलं; वर्षानंतरही त्यांचं घ्रेलिन चढलेलं आणि भूक वाढलेली होती. २०११ सालच्या या अभ्यासानंतर तरी 'तुझी इच्छाशक्ती कमी पडली' हे वाक्य आपण मागे घ्यायला हवं होतं.

भुकेचं असं असलं तरी तल्लफेची बातमी चांगली आहे. कमी उष्मांकाचा आहार काही महिने टिकवलेल्यांवरचे अभ्यास २०१७ साली एकत्र करून पाहिले, तर तल्लफ वाढलेली नव्हती, उतरली होती. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात तर मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली गोष्ट निघाली: पदार्थ किती वेळा खाल्ला यावर तल्लफ ठरते, एका वेळी किती खाल्ला याच्याशी तिचं तितकं नातं नाही. पावलॉव्हच्या कुत्र्यांना हे समजलं असतं. चाहूल लागूनही अन्न येईनासं झालं की लाळही आटते. म्हणजे 'रोज चहाबरोबर दोनच बाकरवड्या' हा सभ्य वाटणारा तह तल्लफेला रोज पाणी घालतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा-दोनदा, आवडीच्या दुकानातून आणून, बसून, चवीने खाव्यात आणि मधले दिवस घरात डबाच नसावा, हे माझ्या मते बरं.

झोपेकडेही बघायला हवं. शिकागोत २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि मन गोड, खारट, पिठूळ पदार्थांकडे ओढ घेऊ लागलं. रात्री दीडपर्यंत मालिका बघून सकाळी डाएटचा तक्ता पाळणाऱ्याने हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

अलीकडे वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे, ती घेणारे पुष्कळ जण सांगतात की डोक्यातली खाण्याची अखंड कुजबुजच थांबली. या औषधांच्या घराण्यातलं पहिलं, २००५ साली आलेलं, गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एका रेणूवरून बनलं. हा सरडा वर्षातून मोजकीच जेवणं करतो. न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना तो रेणू सापडला तेव्हा वजन कुणाच्या मनातही नव्हतं. औषध अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचं, शेजाऱ्यांनी नव्हे.

शेवटी एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तो आपल्या घरांत सर्रास दिसतो आणि हसण्यावारी नेला जातो. पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ किंवा सारखा बर्फ खावासा वाटणं. ही तल्लफ अनेकदा शरीरातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असते, आणि नवल असं की बर्फात लोह मुळीच नसतं. शरीर काहीतरी कमी असल्याचं कळवतं, पण मागणी भलतीच करतं. लोह भरून आलं की ही ओढही साधारणपणे निघून जाते. घरात मुलगी, सून, गरोदर बाई किंवा कडक डाएट करणारं कुणी अशा गोष्टी चघळताना दिसलं तर रागावू नका. डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या.