काचेचा तट

गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा हे डोंगररांगांत वसलेले गाव. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईस जाणारा लोहमार्ग या गावाजवळ बोगद्यातून जातो. आगगाडी बोगद्यात शिरताच डब्याच्या खिडकीतून दिसणारे हिरवे रान नाहीसे होते. काच प्रकाशाला वाट देते, खडक त्याला अडवतो. हा दोहोंचा स्वभाव होय.

परंतु दृष्टीला वाट द्यावी आणि घातक किरणांना मात्र अडवावे, अशी काच मनुष्याने घडविली आहे. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तिचा उपयोग होतो. तेथील काही किरणोत्सारी पदार्थांतून गॅमा किरण बाहेर पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्वचेला जाणवत नाहीत. तरी शरीरातील पेशींचा नाश करू शकतात. असे पदार्थ मीटरभर किंवा त्याहून जाड काँक्रीटच्या भिंतींच्या कोठडीत ठेवतात. कर्मचारी बाहेर उभे राहून यांत्रिक हातांनी आतील काम करतात. पण न पाहता काम कसे करावे? म्हणून भिंतीत जाड काचेची खिडकी बसवितात.

ही काच साधी नव्हे. साधी काच पाण्याच्या सुमारे अडीच पट जड असते. या काचेत शिशाचे ऑक्साइड निम्म्याहून अधिक मिसळलेले असल्याने ती पाच पटींहून जड होते. शिशाचे अणू वजनदार. त्यांच्या दाटीतून जाताना गॅमा किरणांची शक्ती क्षीण होत जाते. किरणांच्या माऱ्याने साधी काच तपकिरी पडते. ते टाळण्यासाठी काही काचांत सिरियम नावाचे मूलद्रव्य घालतात. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने अशी काच आपल्या देशातच तयार केली आहे.

काचेचा एवढा जाड ठोकळा ओतल्यावर तो फार सावकाश निववावा लागतो. उतावीळपणा केला, तर तो तडकतो आणि सारे श्रम वाया जातात. कोबाल्ट-६० हा कर्करोगाच्या उपचारात वापरला जाणारा पदार्थ गॅमा किरणच सोडतो. हेच किरण रुग्णाला जीवदान देतात आणि हाताळणाऱ्याचा घातही करू शकतात. अशा पदार्थांजवळ काम करणाऱ्याच्या व मृत्यूच्या मध्ये हा पारदर्शक तट उभा असतो. तो धीराने घडविणाऱ्या कारागिरांचे स्मरण ठेवणे उचित होय.