नेव्हिल डिसूझा हे नाव ऐकलंय का?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मैदानांवर संध्याकाळी पोरं मेस्सी-रोनाल्डोच्या जर्सी घालून खेळतात. डिसूझाची जर्सी मात्र मी अजून कुणाच्या अंगावर पाहिली नाही! मूळचा गोव्याचा, घडला मुंबईच्या फुटबॉलमध्ये.

1 डिसेंबर 1956, मेलबर्न ऑलिंपिक, उपांत्यपूर्व सामना. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आपण जिंकलो 4-2, आणि त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. चौथा गोल किट्टूचा. प्रशिक्षक होते हैदराबादचे रहीमसाहेब आणि कर्णधार वैद्यकीय शिक्षण घेणारा बद्रू बॅनर्जी. कॉलेजची पोरं देशाकडून खेळायची तो काळ!

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही नेव्हिलचाच; पण पुढे आपण 1-4 हरलो. मग कांस्यपदकाची लढत बल्गेरियाने 3-0 अशी जिंकली. पदक हुकलं, ते अजून टोचतं. तरी चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरला.

1958 मध्ये कॅलटेक्सच्या संघाने मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा जिंकली, तेव्हा नेव्हिल याच संघात होता. 1980 मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत, तो गेला.

तुमच्या घरच्या आजोबांनी त्याला मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळताना पाहिलं असेल, तर आठवण कमेंटमध्ये नक्की लिहा.