कण्हेरीचे विष आणि सव्विसावे अक्षर

इंग्रजी मुळाक्षरे २६, हे बिगरीतले पोरही सांगेल. पण माझ्या कपाटातल्या एका फळीवर ती २५च आहेत. 'ए'पासून 'वाय'पर्यंत सगळी ओळीने उभी, आणि 'झेड'ची जागा रिकामी. ती आता कधीच भरायची नाही हे ठाऊक असूनही मी तिथे दुसरे पुस्तक ठेवू देत नाही. घरातली मंडळी हसतात. हसोत बापडी!

ही फळी सू ग्राफ्टन या अमेरिकन लेखिकेची. किन्झी मिलहोन नावाची एक खाजगी गुप्तहेर बाई तिने निर्माण केली आणि इंग्रजीच्या एकेका अक्षरावर तिची एकेक कादंबरी लिहायची असा संकल्प सोडला. 'ए इज फॉर अलिबाय' १९८२ साली निघाली, 'वाय इज फॉर यस्टरडे' २०१७च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे पहिले पुस्तक आले तेव्हा बाई ४२ वर्षांच्या होत्या आणि पंचविसावे आले तेव्हा ७७ वर्षांच्या. एवढा दीर्घ संकल्प आपल्याकडे सोळा सोमवारवाल्यांनाही झेपणार नाही.

या संकल्पाचे मूळ मात्र मुळीच सात्त्विक नाही. सूचा दुसरा घटस्फोट चालू होता. मुलांचा ताबा कोणाकडे, यावरून सहा वर्षे कोर्टकचेरी झाली. रात्र रात्र झोप नाही. पडल्या पडल्या बाई एकच विचार करीत: या नवऱ्याचा काटा कसा काढावा? त्यात एक युक्ती त्यांना फार पसंत पडली. कण्हेरीची!

वाचकहो, कण्हेर म्हणजे तीच, आपल्या कंपाउंडच्या भिंतीलगत असणारी, जिची फुले रोज सकाळी पूजेच्या परडीत पडतात. कॅलिफोर्नियातही ती रस्त्यांच्या कडेने लावलेली असते. तिचे पान न् पान विषारी. पण बाईंना स्वतःची पारख होती. आपण हे करायला गेलो तर पकडले जाऊ आणि उरलेला जन्म तुरुंगात काढू, हे त्यांना पक्के उमगले. मग त्यांनी तो खून कागदावर केला. 'अलिबाय'मध्ये घटस्फोटाचे खटले चालवणारा एक वकील मरतो. त्याच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणी तरी कण्हेरीची पूड भरून ठेवलेली असते. बायको आठ वर्षे शिक्षा भोगून सुटते, किन्झीच्या कचेरीत येते आणि म्हणते, खरा खुनी शोधून द्या. संतापाचा इतका किफायतशीर उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

अक्षरांची कल्पना सुचली ती एडवर्ड गोरी या चित्रकाराच्या एका पुस्तकावरून. त्यात एकेका अक्षराचे एकेक मूल चमत्कारिक रीतीने मरते! सूने ताबडतोब कागद घेतला आणि गुन्हेगारीशी संबंध असलेले जेवढे शब्द आठवले तेवढे अक्षरवार मांडले. पुढे 'एक्स'ला मात्र शब्द गावेना, म्हणून २०१५च्या त्या पुस्तकाचे नाव नुसतेच 'एक्स' राहिले. मराठीत कोणी हा उद्योग आरंभला असता तर 'बाणातला ण' आणि 'बाळातला ळ' यांनी लेखकाचा केव्हाच खून पाडला असता.

पण माझ्या मते खरे मूळ आणखी मागे, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावात आहे. तिथे १९४० साली सूचा जन्म झाला. वडील सी. डब्ल्यू. ग्राफ्टन हे वकील. दिवसभर वकिली करून रात्री रहस्यकथा लिहायचे. घरात पुस्तके उदंड, आणि दारूही. आईबाप दोघेही पिणारे. मुलींवर लक्ष ठेवायला कोणी नसल्यामुळे त्यांना हवे ते वाचायची मुभा होती, हे सू पुढे मोकळेपणाने सांगत असे. ज्या दिवशी तिला विसावे वर्ष पुरे झाले, त्याच दिवशी आईने आत्महत्या केली. वडिलांनीही आपल्या कादंबऱ्यांना एका बालगीताच्या ओळींची नावे ओळीने द्यायला सुरुवात केली होती. १९४३ला एक, १९४४ला दुसरी, आणि तिथेच ती साखळी तुटली. 'अलिबाय' त्यांना अर्पण केलेली आहे. पण ती छापून येण्याच्या थोडे आधी, १९८२ सालीच ते वारले. अक्षरांची ही लांबलचक माळ ओवताना मुलीच्या मनात बापाची ती अर्धवट साखळी नसेल, असे मला तरी वाटत नाही.

आता थोडे किन्झीविषयी. आम्ही लहानपणी अर्नाळकरांचे धनंजय आणि झुंजार वाचून वाढलो. गुप्तहेर म्हणजे रुबाबदार पुरुष, हे डोक्यात ठसलेले. आणि ही बाई पाहा. दोनदा लग्न मोडलेली, पूर्वी पोलिसात होती, आता एकटी राहते. केस स्वतःच नखे कापायच्या कात्रीने कापते. समारंभासाठी एकच काळा झगा. खाणे म्हणजे पावात शेंगदाण्याचे लोणी आणि वर लोणच्यातली काकडी! आईबाप मोटार अपघातात गेले तेव्हा पाच वर्षांची होती, मावशीने वाढवली. घरमालक हेन्री ऐंशी उलटलेला निवृत्त पाववाला, शब्दकोडी रचणारा. त्याच्याइतका सज्जन घरमालक रहस्यकथेतच भेटायचा.

ती पिस्तूल चालवते, पण तिचे खरे काम कंटाळवाणे आहे: सरकारी दप्तरे चाळणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणे, कार्डांवर टिपणे काढणे. मला ती याचसाठी आवडते. पहिल्याच कादंबरीच्या पहिल्या पानावर ती सांगते की आपल्या हातून एक माणूस मारला गेला आहे आणि ते ओझे मनावरून उतरत नाही. पुरुषांच्या रहस्यकथांत असे ओझे फारसे कोणी वाहताना दिसत नाही. शेवटी ती अशिलाला अहवाल सादर करावा तशी अदबीने सही करते, आपल्या अर्जाखाली 'आपला विश्वासू' असते ना, तशी.

अमेरिकेत ही वाट सूने एकटीने पाडली असे नाही. मार्शिया म्युलरची शॅरन मॅकोन १९७७ सालीच आली होती, आणि सारा पॅरेट्स्कीची शिकागोची व्ही. आय. वॉर्शावस्की 'अलिबाय'च्याच साली. पण घरच्या माणसासारखी वाटते ती किन्झीच.

आणखी एक गंमत. पुस्तकांतला काळ फार सावकाश सरकतो. पहिल्या कादंबरीत किन्झी ३२ वर्षांची आणि साल १९८२; पंचविसाव्यात साल १९८९ आणि ती ३९ वर्षांची. बाहेर मोबाइल आले, घरोघर इंटरनेट आले, लेखिकेचे केस पिकले, आणि किन्झी अजून नाणी टाकून फोन करते आहे आणि टाइपरायटर बडवते आहे! शेवटल्या पुस्तकाचे नाव बाईंनी कितीतरी आधी जाहीर केले होते: 'झेड इज फॉर झिरो'. त्यात किन्झीला चाळिसावे लागायचे होते.

२८ डिसेंबर २०१७ रोजी सांता बार्बरात कर्करोगाने सू ग्राफ्टनचे निधन झाले. नाव ठरलेले, पुस्तक नाही. प्रकाशनाच्या धंद्यात अशा वेळी काय होते ते सर्वश्रुत आहे. एखादा कुशल भाडोत्री लेखक बसवतात, मुखपृष्ठावर मृताचे नाव ठळक छापतात आणि पेट्या भरतात. इथे तसे झाले नाही. सूला हे मुळीच मान्य नव्हते, असे तिच्या मुलीने दुसऱ्याच दिवशी लिहिले, आणि आमच्या घरापुरती मुळाक्षरे आता 'वाय'लाच संपतात, असेही. पैशावर पाणी सोडून शब्द राखणे किती अवघड, हे ज्याने वारसांच्या वाटण्या पाहिल्या आहेत त्याला सांगायला नको.

दुसरा शब्द मात्र राहिला नाही. बाईंनी हॉलिवूडमध्ये पंधरा वर्षे पटकथा लिहिल्या होत्या. तिथे लेखनाचे काय भजे करतात हे पाहिल्यामुळे किन्झी पडद्याला विकायची नाही, हा त्यांचा हट्ट होता. विकलीत तर भूत होऊन मानगुटीवर बसेन, असे त्यांनी मुलांना बजावले होते. २०२१ साली कुटुंबाने ते हक्क ए प्लस ई स्टुडिओला दिले. आजची दूरदर्शन मालिका पूर्वीसारखी राहिली नाही, असे नवऱ्याचे म्हणणे. असेलही. पण मला विचाराल तर, त्या घरातल्या मंडळींनी रात्री अंगणातल्या कण्हेरीकडे जरा जपूनच जावे.